बदलून बघण्याआधी मोजून बघा

गाडी चार्जिंग करत नाही म्हणून गॅरेजात गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘आरआर युनिट गेलं असणार साहेब, बदलून बघू.’ या ‘बदलून बघू’पायी कित्येक धडधाकट रेग्युलेटर भंगारात गेले आणि कित्येक नवेकोरे थोड्याच दिवसांत जळले, कारण दुखणं दुसरीकडेच होतं. माझी नोकरी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात झाली. तिथे मोजल्याशिवाय काही बदलायची पद्धत नव्हती, कारण ऐन गळीत हंगामात टर्बाइन थांबलं तर उसाच्या गाड्यांची रांग गावाबाहेर जाते. घरी कराडला एक जुनी बुलेट आहे. ३५० सीसी, बिडाचं सिलिंडर, उजव्या पायाला गिअर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन आणि हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअर मीटर. तिचं आरआर युनिट मी बदललं, स्टेटर भरून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात येऊन थांबणाऱ्या इतर जुन्या गाड्यांचंही बघत आलो. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो. युनिट बदलण्याचं काम या क्रमात बरंच खाली आहे, आणि ते तिथेच हवं.

१. हा चुंबक आवरता येत नाही, एवढं आधी पक्कं समजून घ्या.

क्रँकच्या टोकाला चुंबकांचा रोटर फिरतो आणि त्याभोवती तांब्याची वेटोळी घेतलेला स्टेटर जागेवर बसलेला असतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेली गोष्ट, दुसरं काही नाही. निघते ती एसी वीज. बॅटरीला लागते डीसी. रेक्टिफायर तिला एका दिशेला वळवतो, रेग्युलेटर तिचं व्होल्टेज आवरतो. हे दोघं एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात राळ ओतून कायमचे बंद केलेले असतात. तेच आरआर युनिट.

आवरण्याची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. कारखान्यातल्या अल्टरनेटरचा चुंबक विजेवर चालतो. व्होल्टेज वाढलं की एव्हीआर, म्हणजे तिथला व्होल्टेज रेग्युलेटर, फील्डचा करंट उतरवतो आणि चुंबक तेवढा नरम पडतो. मोटारसायकलीतला चुंबक कायमचा. इंजिन पळालं की वीज जास्त होणारच, कोणी मागो वा न मागो. म्हणून जुन्या गाड्यांत सर्रास दिसणारं शंट जातीचं युनिट एकच करू शकतं : पाटाला आलेलं जादा पाणी ओढ्यात सोडून देतात तसं ते जादा वीज कॉइलकडेच शॉर्ट करून परत पाठवतं. हे करताना युनिटही तापतं आणि स्टेटरही. उष्णता हाच दोघांचा रोग आहे. पुढचं जवळजवळ सगळं यातून निघतं.

२. अँपिअर मीटर असेल तर तो रोज वाचा.

जुन्या बुलेटवाल्याला हे वरदान आहे आणि बहुतेक जण त्याला शोभेची वस्तू समजतात. काटा मध्यावर म्हणजे बॅटरीत काही जात नाही, तिच्यातून काही येत नाही. डावीकडे म्हणजे बॅटरी खर्च होतेय, उजवीकडे म्हणजे भरली जातेय. चावी फिरवली आणि पॉइंट मिटलेले असले तर काटा थोडा डावीकडे पडतो, कारण इग्निशन कॉइल करंट घेते. किक हळू दाबत नेली की पॉइंट उघडतात आणि काटा मध्यावर परत येतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आल्याची खूण म्हणून जुने लोक तोच काटा बघायचे, मग डिकॉम्प्रेशनची चिमटी दाबून पिस्टन किंचित पुढे काढायचा आणि एका किकमध्ये गाडी चालू. आताच्या पोरांना हे दाखवलं की जादू वाटते.

आयडलवर काटा प्रत्येक ठोक्याला थरथरतो, इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर हेलकावे घेतो. हे सगळं निरोगी गाडीचं लक्षण. रेस दिल्यावर काटा उजवीकडे गेला पाहिजे, आणि अर्धा-पाऊण तास चालवल्यावर बॅटरी भरत आली की हळूहळू मध्याजवळ येऊन बसला पाहिजे. तासभर चालवूनही तो उजव्या टोकालाच असेल तर एक तर बॅटरी भरतच नाही किंवा रेग्युलेटर आवरतच नाही. रेस देऊनही डावीकडेच असेल तर वीज येत नाही. ‘वीज येत नाही’ आणि ‘वीज आवरत नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत, आणि गॅरेजात दोन्हींना एकच नाव मिळतं.

मीटरबद्दल एक धोक्याची गोष्ट. बॅटरीचा जवळजवळ सगळा करंट या मीटरमधून जातो. मागचा नट सैल झाला की गाडी खड्ड्यात आचके देते आणि संशय कार्ब्युरेटरवर जातो. तोच नट हेडलाइटच्या डब्याच्या पत्र्याला टेकला तर फ्यूजच्या आधीच शॉर्ट होऊन धूर निघू शकतो. हेडलाइट उघडलाच आहे तर तिथली रबरी टोपी जागेवर आहे का, एवढं बघून घ्या.

३. हेडलाइट लख्ख आहे म्हणून चार्जिंग ठीक, असं समजू नका.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच. स्टेटरच्या वेगळ्या वेटोळ्यातून येणारी एसी वीज थेट दिव्याला जाते. म्हणून सिग्नलवर उजेड मंदावतो आणि रेस दिली की उजळतो. बॅटरीचं वेटोळं मेलेलं असताना हेडलाइट झकास पेटतो आणि मालक म्हणतो, ‘लाइट तर मस्त आहे, बॅटरीच खराब दिली दुकानदाराने.’ बॅटरीची बाजू बघायची तर हॉर्न, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर बघा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवल्यावर जे जे चालतं ते बॅटरीवरचं, इंजिन चालू झाल्यावरच जे पेटतं ते कॉइलवरचं. ही चाचणी फुकट आहे.

४. कोणतीही मोजणी बॅटरी भरल्यानंतर.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकी २.१ व्होल्टच्या आसपास. भरलेली, रात्रभर निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२ व्होल्टवर आलेली बॅटरी, ‘बारा तर आहेत की’ म्हणणाऱ्याला ठीक वाटते. प्रत्यक्षात ती जवळजवळ रिकामी असते. रिकामी बॅटरी चार्जिंगचा आकडा खाली ओढते आणि चांगलं युनिट मेल्यासारखं दिसतं. त्यामुळे आधी बाहेरच्या चार्जरवर तिला सावकाश भरा, एक दिवस ठेवा, मग मोजा. दिवसभरात तीच घसरली तर पुढे काही शोधायची गरज नाही, दोष बॅटरीचा.

बुचांची बॅटरी असेल तर ती आणखी बोलते. एका कप्प्याचं पाणी बाकीच्यांपेक्षा भराभर उतरत असेल तर तो कप्पा गेला. सगळ्या कप्प्यांचं सारखंच आणि झपाट्याने उतरत असेल तर ओव्हरचार्जिंग. अशा गाडीच्या सीटखाली कुजक्या अंड्यासारखा वास येतो, ब्रीदरच्या नळीखालचा रंग सोलवटतो, सायलेन्सरच्या क्रोमला चट्टे पडतात, रेस दिली की मागचा बल्ब उडतो. इथे स्टेटर उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

५. तीन आकडे कागदावर लिहा.

मल्टीमीटर साधा चालतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या खांबांना लावा. पहिला आकडा इंजिन बंद असताना. दुसरा आयडलवर. तिसरा चांगली रेस देऊन, म्हणजे गाडी चौथ्या गिअरमध्ये रस्त्यावर जशी पळते तेवढी. तिसरा आकडा १३.८ ते १४.५च्या मधे असला की यंत्रणा निरोगी आहे; झाकणं बंद करा आणि चहा प्या. १५च्या वर चढत असेल तर रेग्युलेटर आवरत नाही, किंवा त्याला बॅटरीचं खरं व्होल्टेज कळत नाही. रेस देऊनही पहिल्या आकड्याच्या वर हलत नसेल तर तीन संशयित : वायर, स्टेटर, युनिट. तपास याच क्रमाने करा. वायर सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार तीच निघते.

चौथी एक खूण मीटरशिवाय कळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं युनिट सकाळी हाताला कोमट लागलं तर आतला डायोड फुटलेला आहे आणि बॅटरी उलट दिशेने त्यातून रिकामी होतेय. हे कळायला हाताचा तळवा पुरतो.

६. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढू नका, कोणी कितीही अनुभवी माणूस सांगत असला तरी.

‘वायर काढल्यावर गाडी बंद पडली तर चार्जिंग नाही’ ही चाचणी ट्रॅक्टर आणि डायनामोच्या काळापासून चालत आली आहे. बॅटरी ही या यंत्रणेतली मोठी उशी आहे. ती अचानक काढली की व्होल्टेज उसळी मारतं. बल्ब उडतात, डायोड फुटतात, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा) असलेल्या गाडीत तोही जाऊ शकतो. चांगलं युनिट या चाचणीने मरतं आणि मग चाचणी ‘बरोबर’ ठरते.

७. युनिटच्या आधी त्याच्या वाटा तपासा.

ज्यांनी फक्त एकच मुद्दा वाचायचा ठरवलंय त्यांनी हा वाचावा.

जुन्या गाडीची वायरिंग बाहेरून काळी टेप गुंडाळलेली, बरी दिसते. आत तांबं हिरवं-काळं पडलेलं असतं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गेलेल्या, तिथेच एखाद-दोन पावसाळे काढलेल्या गाडीचे कपलर उघडून बघा. पितळी पिनांवर हिरवी बुरशी दिसेल. जिथे जोड सैल तिथे अवरोध, जिथे अवरोध तिथे उष्णता, आणि उष्णतेने जोड आणखी सैल. स्टेटरकडून युनिटकडे येणाऱ्या कपलरचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं असेल तर आजार तिथे आहे. तिथे नवं युनिट लावणं म्हणजे नव्या माणसाला त्याच खुर्चीवर बसवणं. खुर्चीचा पाय कोणी बघतच नाही.

मोजायची रीत अशी. इंजिन चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक युनिटच्या प्लसच्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या प्लस खांबाला. दोन्हीकडे प्लसच, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर तेवढं चार्जिंग वाटेतच गळतंय. मग एक टोक युनिटच्या ॲल्युमिनियमच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. पुन्हा तोच निकष. ही दुसरी मोजणी गॅरेजात जवळजवळ कोणीच करत नाही, आणि अर्थिंगचा दोष तर तीच पकडते. चासीला नवा रंग मारला, पावडर कोटिंग करून आणलं, गाडी आरशासारखी चमकायला लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात बॅटरी बसली, हे मी वेगवेगळ्या अंगणांत बघितलंय. रंगाच्या थराखाली अर्थ गेलेला असतो.

उपाय सोपा आहे. युनिटच्या बोल्टखाली एक लग घालून तिथून जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला न्या. चासीवर विसंबू नका. जळकट पिना घासून परत बसवू नका, त्यांचं स्प्रिंगपण गेलेलं असतं. नव्या पिना नीट चिमटून बसवा. डाख द्यायचाच असेल तर त्यामागे वायरीला आधार द्या, नाहीतर बुलेटच्या हादऱ्याने डाखाच्या कडेला तार तुटते. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायची आपल्याकडची जी कला आहे, ती कलेच्या प्रदर्शनात ठेवावी, गाडीत नको.

८. स्टेटर थंडही तपासा आणि गरमही.

कपलर सुटा करून स्टेटरच्या बाजूच्या दोन वायरींमधला अवरोध मोजा. तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अवरोध पाव-अर्धा ओहम असतो. म्हणून आधी दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहा आणि वजा करा. मग एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीच्या वेटोळ्यातून इंजिनाकडे काहीच जाता कामा नये. इथे थोडाही आकडा आला तर वार्निश फुटलंय, स्टेटर गेला. हेडलाइटच्या वेटोळ्याचं एक टोक काही गाड्यांत मुद्दाम अर्थ केलेलं असतं, तिथे हा निकष लावू नका.

शेवटी इंजिन चालू करा, कपलर सुटाच, मीटर एसी व्होल्टवर. रेससोबत आकडा सरळ चढत गेला पाहिजे. बारा-चौदावर अडकून न राहता रेसला तो कितीतरी वर जातो. ते बरोबरच आहे, अजून त्याला कोणी आवरलेलं नाही. टोकांना हात लावू नका.

हे सगळं थंड इंजिनावर पास होऊनही गाडी पाटणच्या पुढे गेल्यावर चार्जिंग सोडत असेल तर तीच मोजणी तासभर चालवून आल्या आल्या करा. वेटोळ्यातली भेगाळलेली तार तापून फुगली की सुटते आणि निवली की जुळते. सकाळी गॅरेजात नेल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते ती यामुळेच.

९. केस उघडायची तर सावकाश.

बुलेटचा अल्टरनेटर डावीकडच्या प्रायमरी केसमध्ये, क्लच आणि दुहेरी चेनच्या शेजारी, तेलात राहतो. उजव्या गिअरच्या गाडीत आधी डावा फुटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढावं लागतं. मग मजा अशी की एवढं मोठं झाकण मधल्या एकाच नटावर बसवलेलं आहे. खाली पसरट भांडं ठेवा, कारण झाकण ओढताक्षणी तेल येतं. पाव-अर्धा लिटर काळं पाणी अंगणातल्या फरशीवर गेलं की घरातून जे ऐकावं लागतं ते कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

नट सोडण्याआधी फोनवर फोटो काढा. स्टेटरची कोणती बाजू बाहेर, वायर कुठून निघते, ती चेनपासून लांब कशी बांधली आहे, सगळं. फक्त स्टेटर काढायचा तर क्लचला हात लावावा लागत नाही. तीन स्टडचे नट काढले की तो चुंबकाची ओढ सोडून बाहेर येतो. चेन सैल राहिलेल्या गाडीत तिने वायरीचं आवरण खरडलेलं दिसतं. तसं असेल तर चेनचा ताण आधी ठीक करा, नाहीतर नव्या स्टेटरचंही तेच.

उघडा रोटर अंगणात तसाच सोडू नका. हवेतला लोखंडाचा कीस, वॉशर, पिनचे तुकडे, सगळं तो ओढून घेतो. फडकं गुंडाळून ठेवा आणि बंद करण्याआधी चुंबकाचे सगळे कोपरे बोटाने चाचपा. रोटर हाताने हलवून बघा. मधल्या बुशवर चुंबकांचा भाग सैल झाला असेल तर आवाजावरून लोक कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग समजून इंजिन खोलतात.

बसवताना एकच गोष्ट जिवावरची आहे : रोटर आणि स्टेटरमधली फट. ती चौफेर सारखी हवी, साधारण ०.२ मिलिमीटर. पोलादी फिलर गेज तिथे चुंबकाला चिकटून बसतं आणि खोटं सांगतं. त्याच जाडीची प्लास्टिकची पट्टी कापा, ती रोटरभोवती गुंडाळा, स्टेटर त्यावर बसवा, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा आणि मग पट्टी ओढून काढा. ती सगळीकडून सुटसुटीत निघाली तर काम झालं. कुठे अडकली तर नट सोडा आणि पुन्हा बसवा. जिथे फट मिटली तिथे रोटर घासणार, आणि घासलेल्या स्टेटरचा चुरा तेलातून क्लचपर्यंत जाणार. स्प्रिंग वॉशर नवे घाला. वायर आतल्या केसमधून जिथे बाहेर पडते तिथलं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. केसमधलं तेल तिथून वायरीच्या कडेकडेने पाझरतं आणि लोक झाकणाचं पॅकिंग बदलत राहतात.

१०. स्टेटर भरून घेता येतो, पण भरणारा माणूस बघून.

आमच्या कृष्णा-कोयनेच्या काठावर विहिरी आणि उपसा योजनांच्या पंपांमुळे मोटार भरणारी दुकानं गावोगावी आहेत. त्यांचे हात इतके तयार असतात की जुनी तार उलगडता उलगडता तोंडाने फेरे मोजत शेजाऱ्याशी गप्पाही मारतात. त्यांच्याकडून स्टेटर उत्तम भरून होतो, तीन गोष्टी आधी बोलून घेतल्या तर.

पहिली तार. तेलात बसणाऱ्या, इंजिनाच्या उष्णतेत राहणाऱ्या वेटोळ्याला एफ म्हणजे १५५ अंश किंवा एच म्हणजे १८० अंश सेल्सिअस सोसणाऱ्या वर्गाची इनॅमल तार हवी. पाणबुडी मोटारीची प्लास्टिक वेष्टणाची तार दुकानात समोरच टांगलेली असते, आणि ‘ही वॉटरप्रूफ आहे साहेब’ म्हणून तीच घालायचा आग्रह होतो. पाण्यात ती छानच. गरम तेलात ती मऊ पडते.

दुसरी वार्निश. शेतीपंपाला ब्रशने लावून उन्हात वाळवलेलं चालून जातं. इथे भट्टीत भाजलेलं हवं, वेटोळ्याच्या आतपर्यंत मुरलेलं. नाहीतर बुलेटच्या हादऱ्याने तारा एकमेकींवर घासत राहतात.

तिसरी दिशा आणि फेरे. शेजारशेजारची वेटोळी उलटसुलट दिशेने भरलेली असतात. एक जरी चुकलं तर ते बाकीच्यांनी केलेलं काम खातं, आणि मोजणीत अवरोध अगदी बरोबर येतो, त्यामुळे दोष सापडत नाही. जुनी तार काढण्यापूर्वी चित्र काढून दिशेचे बाण करा. जाडी मायक्रोमीटरने मोजून मूळचीच घाला. ‘दोन फेरे जास्त घालतो, चार्जिंग वाढेल’ ही उदारता नको. जादा वीज कुठे जाते ते पहिल्या मुद्द्यात आलंच आहे.

तयार स्टेटर स्वस्तात मिळत असताना हा खटाटोप का, असं विचारणारे असतात. मिळत असेल आणि चांगल्या प्रतीचा असेल तर जरूर घ्या. पण हलक्या बनावटीच्या नव्या स्टेटरपेक्षा चांगल्या हाताने भरलेला जुना मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याच्या लोखंडी पत्र्या मूळच्या असतात.

११. आता युनिट. घेताना वजन करा, लावताना हवा बघा.

पुण्यात नाना पेठेत गेलात तर जुनं युनिट सोबत न्या. नुसतं मॉडेल सांगून मिळतं ते बोल्टच्या भोकांना जुळतं, वायरीला नाही. रंगांवर तर अजिबात विसंबू नका. कोणती वायर बॅटरीची, कोणती कॉइलची, ते गाडीवर मीटर लावून ठरवा. हातात घेतल्यावर हलकं फुलासारखं वाटलं तर परत ठेवा. उष्णता बाहेर टाकायला धातू लागतो, आणि धातूला वजन असतं. मॉस्फेटवर चालणारी युनिटं जुन्या थायरिस्टरवाल्यांपेक्षा कमी तापतात; जागेत बसत असेल तर जास्तीचे पैसे तिथे घालावेत.

काही युनिटांना एक बारीक जादा वायर असते. तिच्यावरून ते बॅटरीचं व्होल्टेज ओळखतं. ती वायर इग्निशन स्विचमधून येत असेल आणि स्विच आत काजळलेला असेल, तर युनिटला व्होल्टेज खरं आहे त्याहून कमी दिसतं आणि ते बिचारं जोर लावून बॅटरी उकळवतं. असं ओव्हरचार्जिंग नव्या युनिटने थांबत नाही, स्विच साफ करून थांबतं.

बसायची जागा खरवडून रंग काढा, मागे हीट सिंकची पेस्ट पातळ लावा, युनिटच्या अंगावरच्या पात्या (फिन्स) वाऱ्याच्या दिशेने ठेवा. दिसायला बरं म्हणून टूलबॉक्सच्या आत कोंबू नका.

१२. एलईडीने भार कमी होतो, युनिटचा त्रास नाही.

हे ऐकून लोक वाद घालतात. हेडलाइटही बॅटरीवर आणलेल्या गाडीत ५५ वॉटचा दिवा साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. त्याजागी एलईडी लावला की बॅटरीला आराम, हे खरं. पण शंट युनिटच्या गाडीत स्टेटर तेवढीच वीज बनवत राहतो. दिव्याने न घेतलेली वीज शॉर्ट करायचं काम युनिटवर येतं आणि ते पूर्वीपेक्षा जास्त तापतं. म्हणून एलईडी लावा, जरूर लावा, पण युनिटला हवा द्या.

१३. परदेशी जुनी गाडी असेल तर अर्थ कोणता ते आधी बघा.

लुकासची विद्युत यंत्रणा असलेल्या बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस चासीला जोडलेला असतो. आपलं नेहमीचं युनिट तिथे सरळ लावलं की धूर. काहींत युनिट नसतंच. सेलेनियमच्या चकत्यांचा रेक्टिफायर असतो, आणि साठच्या दशकातल्या १२ व्होल्टच्या गाड्यांत व्होल्टेज आवरायला हीट सिंकवर बसवलेला झेनर डायोड. त्या चकत्या आवळून धरणारा नट सैल वाटला तरी फिरवू नये.

१४. नवं लावल्यावर तेच तीन आकडे पुन्हा लिहा.

तोच मीटर, तीच रेस, आणि सातव्या मुद्द्यातली दोन्ही ठिकाणची गळती परत मोजा. मग एक मोठी चक्कर मारून आल्यावर कपलरला हात लावा. युनिट गरम असणारच; कपलर गरम लागला तर काम राहिलंय. आकड्यांचा कागद सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी जो कोणी ‘बदलून बघू’ म्हणेल त्याच्या हातात तो द्या.

जुनं युनिट भंगारवाल्याला देण्याआधी त्याची वायर वीतभर ठेवून कपलरसकट कापून घ्या. तसे मूळ कपलर आता दुकानात मिळत नाहीत, आणि गावात आणखी कोणाच्या तरी बुलेटला ते हवे असतात.